दोन्ही हात मोकळे

गेल्या पावसाळ्यात जिना उतरताना आईचा पाय घसरला. इजा किरकोळच झाली. परंतु एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी, कठडा धरण्यास हातच उरला नव्हता. तेव्हा तिने क्रोशाची सुई हाती घेतली आणि खांद्यावरची पिशवी विणली.

रीत सोपी आहे. 4 साखळ्यांचे कडे करून त्यात 3 खांबांचे 4 गट घालावेत. प्रत्येक गटानंतर 2 साखळ्यांचा कोपरा सोडावा. पुढील फेऱ्यांत प्रत्येक कोपऱ्यात 2 गट, त्यांच्यामध्ये 2 साखळ्या आणि बाजूच्या प्रत्येक फटीत 1 गट घालावा. साधारण 10 सेंटिमीटरचे 18 चौकोन झाले, की 9-9 जोडून दोन बाजू होतात.

बोटे आखडत असल्यास जाड मुठीची सुई व फिकट रंगाचा सुती दोरा घ्यावा. टाके स्पष्ट दिसतात. दिवसाला एक चौकोन पुरे. दुखू लागताच थांबावे.

विणकाम भाराने ताणते, फटींतून किल्ल्या निसटतात. म्हणून जुन्या सुती साडीचे अस्तर लावावे. पट्ट्यालाही मागून कापडी पट्टी शिवावी. अस्तराच्या खिशात औषधांची यादी व घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक ठेवावेत. पिशवी हलकीच असावी आणि पट्टा छातीवरून तिरपा घ्यावा.

घरातील मंडळींनी अस्तर जरूर शिवून द्यावे. विणणे मात्र ज्येष्ठांच्याच हाती राहू द्यावे.

आता जिना उतरताना आईचा एक हात काठीवर असतो, दुसरा कठड्यावर.