बिर्कलँडला हुतात्मा करू नका

ध्रुवीय प्रकाशाच्या इतिहासात एक कथा हमखास सांगितली जाते. नॉर्वेच्या क्रिस्टियन बिर्कलँडला सत्य गवसले होते, पण ब्रिटिश पंडितांनी ते दडपले. ही कथा मला अर्धीच पटते.

पूर्वपीठिका आधी पाहू. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी हिशेब मांडला, की आठ तासांच्या एका चुंबकीय वादळासाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतके कार्य करावे लागेल. सबब सूर्याचा संबंध नाही. आकडेमोडीत खोट नव्हती, गृहीतकात होती. सूर्य सर्व दिशांना चुंबकीय लहरी फेकतो, असे त्यांनी धरले होते.

बिर्कलँड वेगळ्या वाटेने गेला. उत्तर नॉर्वेतील हाल्दे पर्वतावर त्याने कडाक्याच्या हिवाळ्यात वेधशाळा चालवली. प्रयोगशाळेत निर्वात पेटीत चुंबकित गोळा ठेवून त्यावर कॅथोड किरण सोडले, तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. सूर्याकडून विद्युतभारित कण येतात आणि चुंबकीय रेषांच्या आधाराने विद्युतप्रवाह आकाशातून ध्रुवप्रदेशात उतरतात, असा निष्कर्ष त्याने काढला. सिडनी चॅपमन यांच्या मते मात्र हे प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच वाहत होते.

इथेच खरी गोम आहे. केवळ जमिनीवरच्या चुंबकमापकांच्या नोंदींवरून या दोहोंपैकी कोण बरोबर, हे ठरवताच येत नव्हते! म्हणून चॅपमन यांचे मत मूर्खपणाचे नव्हते. जे अनिर्णित होते ते निकाली निघाले असे दशकानुदशके मानले गेले, हा दोष मात्र मी त्या परंपरेला देईन. निवाडा १९६० नंतरच्या उपग्रहांनी बिर्कलँडच्या बाजूने केला. १९६२ मध्ये मरीनर २ यानाने सौरवारा सतत वाहतो हेही दाखवले.

तरीही कोडे उरतेच. सौरवारा अखंड वाहतो, तर ध्रुवीय प्रकाश रोज सारखाच का भडकत नाही? १९६१ मध्ये जेम्स डंगी यांनी याची किल्ली दिली. वाऱ्यासोबत येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जेला वाट मिळते. उत्तराभिमुख असेल, तर वेगवान वाराही बराचसा बाजूने निघून जातो. बिर्कलँडच्या गोळ्यात ही दिशा नव्हतीच.

१९९४ मध्ये नॉर्वेने २०० क्रोनरच्या नोटेवर बिर्कलँडची छबी छापली. तो मान रास्तच आहे. पण त्याची कथा सांगणाऱ्यांपैकी किती जण डंगींपर्यंत पोहोचतात?