आधी पंप, मग पॅनल



हल्ली कुठल्याही ग्रामसभेत वीजबिलाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक आवाज ठरलेला: "भाऊ, सोलर बसाडी टाकूत ना!" सोलरला माझा विरोध नाही. माझ्या स्वतःच्या विहिरीवर सौरपंप आहे आणि दिवसा पाणी भरायला मिळतं, रात्री बॅटरी घेऊन बांधावर फिरावं लागत नाही, याचं सुख मला माहीत आहे. पण गावच्या पाणीयोजनेवर आज लगेच पॅनल बसवायला माझा विरोध आहे. का, ते हिशेबासकट लिहितो.

आधी बिल कुठून भरलं जातं ते बघा. २०२१ मध्ये थकबाकीपायी राज्यभर ग्रामपंचायतींच्या दिवाबत्तीच्या जोडण्या तोडल्या गेल्या. सरपंच मंडळी रस्त्यावर आली. शेवटी शासनाने सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून बिलं भरा. तेव्हापासून ती वाट पडली. म्हणजे गटार, अंगणवाडी, शाळेचं संडास यासाठी आलेला पैसा मोटरीत जातो. आणि बिल थकलं तर पहिला फटका हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला. वीजबचत म्हटलं की शहरातले लोक पृथ्वीच्या तापमानावर बोलतात. ते खरंच आहे, पण गावात हा प्रश्न नळाचा आहे.

आता हिशेब. आमच्या गावची वस्ती ३,६०० धरा. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज २ लाख लिटरच्या आसपास. टाकी १ लाखाची, दिवसातून दोनदा भरते. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपातलं घर्षण धरून ५० मीटर उचल. १ लाख लिटर पाणी ५० मीटर उचलायला निव्वळ ऊर्जा लागते सुमारे १३.६ युनिट. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, त्यात कुणाचं मत चालत नाही. अर्थात पंप आणि मोटर दोन्ही आपापला वाटा खातात, त्यामुळे चांगल्या, नीट निवडलेल्या संचालाही २५ युनिट लागणार.

मी आणि पंपावरच्या पोराने रिकामी टाकी भरायच्या आधी आणि भरल्यावर मीटरचं रीडिंग घेतलं. खर्च झाले ४८ युनिट.

जवळजवळ दुप्पट. बरं, त्या पंपात काही जादा वाईट आहे असंही नाही. तुमच्या माझ्या विहिरीवर जे होतं तेच झालंय. मोटर तीनदा जळाली, तीनदा वाइंडिंग भरून आणली. भरलेली मोटर फिरते म्हणून आपण खूश, पण दर खेपेला ती थोडी जास्त खाऊ लागते. इंपेलर झिजलाय. कपॅसिटरच्या वायरी कुणीतरी सोडून ठेवल्यात. शिवाय योजना झाली तेव्हा 'असू द्या मोठा' म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप बसवला, आता पाइप फुटू नये म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करून तो चालवतात. गाडीचा ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्यातला हा प्रकार.

रोजचे ४६ युनिट वाया. वर्षाचे १६,७९०. हिशेबापुरता युनिटला ५ रुपये दर धरला तरी ८४,००० रुपये (तुमच्या बिलावरचा दर घालून गुणून बघा). आपल्या देशातल्या विजेचा एक युनिट म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका गावच्या एका पंपापायी वर्षाला पावणेबारा टन. हा कोळसा कुठं जळतो ते बघायला जळगाववाल्यांना लांब जायला नको. भुसावळजवळ दीपनगर आहे. तिथली राख शेजारच्या शिवारांनी अनुभवली आहे.

आता सोलरकडे या. एक किलोवॉट पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं. आजच्या पंपाला रोज ९६ युनिट लागतात, म्हणजे २४ किलोवॉट पॅनल. पंप बदलला तर ५० युनिट, म्हणजे साडेबारा किलोवॉट. पॅनल अर्धे, जागा अर्धी, खर्च अर्ध्यावर. खराब पंपावर सोलर बसवणं म्हणजे फुटक्या पाटात धरणाचं पाणी सोडणं. ठेकेदाराला २४ किलोवॉटचं काम सोयीचं, उद्घाटनाच्या फोटोलाही सोयीचं. नव्या पंपाचा फोटो कोण काढतो? तो विहिरीत बुडालेला असतो.

गळतीचं तर विचारूच नका. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. मे महिन्यात विहिरीपासून टाकीपर्यंत पाइपलाइनवरून चालत जा. सगळं शिवार करपलेलं असताना जिथं हिरवं गवत आणि दोन बकऱ्या दिसतील, तिथं खणा. आम्हाला अशा दोन जागा सापडल्या. तिथून गेलेल्या प्रत्येक लिटरची वीज आपण भरलेली असते. टाकी भरून वाहते तेव्हाही तेच. साधा फ्लोट स्विच लावला तर पंपावरच्या पोराला रात्री उठावं लागत नाही आणि टाकीखाली डबकं होत नाही.

दिवाबत्तीचं थोडक्यात. ट्यूब काढून एलईडी लावले, चांगलं झालं. पण दुपारी बारा वाजता जळणारे दिवे तुम्हीही बघता. २० वॉटचा एलईडी चोवीस तास जळला तर तो रात्रभर जळणाऱ्या ४० वॉटच्या ट्यूबइतकीच वीज खातो. मग बदलून काय मिळवलं? डीपीजवळ टायमर बसवा.

पैसा कुठून, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडात २००४ पासून बरीच वर्षं सॅलिक्स नावाची एक संस्था सरकारी पैशातून शाळा, दवाखाने, नगरपालिकांना बिनव्याजी कर्ज देत असे. जुने दिवे, बॉयलर बदलायचे आणि कर्ज बिलातल्या बचतीतून फेडायचं. फिटलेला पैसा पुढच्याला. आपल्याकडे केंद्राच्या ईईएसएलने २०१५ पासून शहरांचे रस्त्यावरचे दिवे साधारण ह्याच रीतीने बदलले: आधी गुंतवणूक त्यांची, फेड बचतीतून. दिव्यांसाठी जमतं ते पाणीयोजनेच्या पंपासाठी तालुका पातळीवर का जमू नये? आज ज्या गावाकडे पैसा नाही तेच गाव जुना पंप चालवतं, आणि जुना पंप चालवतं म्हणून पैसा उरत नाही. बचत गटातल्या बाया फिरता निधी वीस वर्षांपासून चालवतात. पंचायत समितीला ते अवघड जाऊ नये.

दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. तिच्या २.० टप्प्यात प्रकल्पाच्या गावाला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं अनुदान आहे. धुळ्याला सौर प्रकल्पांचं नवल नाही, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचे १२५ मेगावॉट २०१३ पासून आहेत. माझं म्हणणं एवढंच, की त्या १५ लाखांतले पहिले पैसे पंपाला आणि पाइपाला जावेत. कमान आणि पेव्हर ब्लॉक नंतर.

जाता जाता एक. पांझरेवरची आपली फड पद्धत आठवा. बंधारा, पाट, पाटकरी, आणि पाणी उताराने आपल्या पायांनी शेतात. एक युनिट नाही. सगळीकडे तसा उतार मिळत नाही हे मान्य. पण नवी योजना आखताना उद्भव कुठं आणि टाकी कुठं, यावर नकाशा मंजूर व्हायच्या आधी गावातल्या जुन्या माणसाला विचारलं तर पाच-दहा मीटर उचल सहज वाचू शकते. एकदा टाकी चुकीच्या टेकडीवर बांधली की पुढची तीस वर्षं बिल त्याच उंचीचं.

काही जण म्हणतील, हे मोजमाप करायचं कुणी, ग्रामसेवकाकडे आधीच पाच गावांचा कारभार. खरं आहे. पण मोजायला लागतं काय? मीटर, घड्याळ आणि टाकीची क्षमता. बारावी सायन्सची पोरं हा हिशेब एका दुपारी करतील. कृषी महाविद्यालयातल्या मित्रांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना गावी पाठवलं की मातीच्या नमुन्यासोबत हाही आकडा घ्यायला लावावा: १ लाख लिटरला किती युनिट, आणि उचल किती मीटर.

आमचा आकडा ४८ आणि ५० मीटर. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तो फळ्यावर लिहून नेणार आहे. तुमच्या गावचा निघाला की उंचीसकट कळवा. एखाद्या गावाने ५० मीटरला २५ च्या खाली आणला असेल तर पंप कोणता, किती एचपीचा आणि कुणी निवडून दिला, तेही लिहा.