चालताना पोटरी दुखते?

मैत्रिणींनो, देवळात जाताना सासूबाई वाटेत दोनदा थांबतात. पोटरीत गोळा येतो, पाय भरून येतात. कट्ट्यावर घटकाभर टेकलं की बरं वाटतं नि पुन्हा चालू लागतात. आपण म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच!’ आणि रात्री पायाला तेल चोळून देतो. माया खरीच, पण दुखण्याचं मूळ रक्तवाहिनीत असेल तर तेल काय करणार?

रक्तवाहिनीला आतून चरबीचा थर बसतो आणि रक्ताची वाट अरुंद होते. बसल्या जागी पायाला रक्त पुरतं. चालताना जास्त लागतं, ते मिळत नाही. म्हणून चाललं की दुखतं आणि थांबलं की काही मिनिटांत शमतं. ही खूण ध्यानात ठेवा.

आता महत्त्वाचं सांगते. हा थर बहुधा एकट्या पायात नसतो; हृदयाच्या धमन्यांतही तो साचत असतो. अशा रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका नि पक्षाघात यांचंच भय अधिक. छातीत कधी कळ आली नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. पायच आधी थांबवतात, मग हृदयाला ताण पडून दुखणं कळणार कसं?

डॉक्टरांना पावलांची नाडी पाहायला सांगा. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असं समजतात. या तपासणीत सुईसुद्धा टोचत नाहीत. घरात कुणाला हृदयविकार असेल, तर त्यांच्याही पायांची चौकशी करा.

विडी-सिगारेट बंदच हवी, आणि मिश्रीही तंबाखूच बरं का! मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा. डॉक्टरांना विचारून चालणं मात्र चालू ठेवा: दुखलं की थांबायचं, शमलं की पुन्हा चालायचं. गार पाय गरम पिशवीने शेकू नका; मधुमेहात चटका बसलेला कळत नाही. पावलावरची जखम भरत नसेल तर लगेच दाखवा. पाय एकाएकी गार, पांढरा पडून दुखू लागला, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि हो, घरातल्या सगळ्यांचं दुखणं आपल्याला दिसतं. स्वतःची पोटरी दुखली की मात्र ‘कामाचा शीण’ म्हणून पदर खोचतो. या आठवड्यात तेवढं करू नका.