मालमत्ता कराच्या देयकात ग्रंथालय कोठे आहे?



आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने मालमत्ता कराचे देयक वर्षानुवर्षे माझ्या हातून जाते. परंतु या आठवड्यात ते मी प्रथमच ओळीओळीने वाचले, कारण त्याच सकाळी आमच्या भागातील वाचनालयाच्या दारावर, सेवकांचे वेतन परवडत नसल्यामुळे यापुढे सकाळची वेळ बंद राहील, अशी सूचना वाचून मी परतलो होतो. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशी कलमे त्या देयकात एकाखाली एक मांडलेली आहेत. झाडासाठी, रस्त्यासाठी, गटारासाठी रीतसर वसुली होते. ग्रंथालयासाठी एका पैशाचेही कलम नाही.

ही उणीव केवळ अनवधानाने राहिली, असे मानण्यास मन धजत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातील पहिला कायदा १९४५ साली आपल्याच कोल्हापूर संस्थानाने केला. १९४८ साली मद्रासने, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या अविश्रांत प्रयत्नांमुळे, कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला, आणि तामिळनाडूत तो पुढे करातील दर रुपयामागे १० पैशांपर्यंत गेला. कर्नाटकाने १९६५ मध्ये तोच मार्ग धरला. हे दाखले डोळ्यांसमोर असताना महाराष्ट्राने १९६७ चा अधिनियम केला तो उपकर वगळून, आणि लोकांनी वर्गणी काढून उभारलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून त्यांच्या ओंजळीत अनुदान टाकण्याची पद्धत रूढ केली. अनुदान हे सरकारच्या मर्जीचे असते, उपकर हा कायद्याने मिळालेला हक्क असतो. आणि मर्जीवर जगणाऱ्या संस्थेच्या सेवकाला पगाराच्या दिवशी काय सांगायचे, हे कार्यवाहाला विचारून पाहावे.

आमच्या शेजारच्या ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा राज्य परक्यांचे होते आणि सरकारदरबारी मराठी ग्रंथांचे कैवारी विरळा होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून मोफत ग्रंथालयांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत नेले. एका संस्थानिकाला जे सुचले, ते २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे ९३ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या आमच्या मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी लोकनियुक्त शासनाला सुचू नये, याचा मला संताप येतो.

नव्या कराचा बोजा नको, असे काही सभासद म्हणतील. बंगळुरूत पालिकेने हा उपकर गोळा करूनही ग्रंथालयांचा हिस्सा थकविला, हा दाखलाही मला ठाऊक आहे. परंतु थकबाकी मागता येते ती कायद्याने देणे ठरलेल्या रकमेचीच. आम्हाला तर मागण्यासाठी थकबाकीसुद्धा नाही! शंभर रुपयांच्या करामागे एक रुपया द्यावयास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंडमधील कोणता करदाता कुरकुर करील? आणि केलीच, तरी ती वृक्ष उपकराच्या वेळीही झालीच असेल. आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हे एकच कलम अधिनियमात घालण्याची दुरुस्ती मांडावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.

जाता जाता आणखी एक तक्रार. त्याच वाचनालयातील वृत्तपत्रांची लांब मेजे काढून तेथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका केली आहे. त्या मुलांना जागा हवीच, त्यांच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसे असतात. पण म्हणून सेवानिवृत्तांना जिन्यात उभे राहून दैनिक वाचावयास लावणे आणि कादंबऱ्यांची कपाटे कुलूपबंद ठेवणे कोणत्या नियमात बसते? किल्ली सायंकाळी सातनंतर येणाऱ्या सेवकाकडे असते, आणि तो न आला की ग्रंथ मिळत नाहीत.

आपला,
एक आजीव सभासद, मुलुंड (पूर्व)