विश्लेषण : जुना फ्लॅट विकायचाय? आधी रंग द्यायचा की कागदपत्रं जुळवायची?

मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, मंद पिवळे दिवे... 'विक्रीआधी घर असं सजवा' हे सांगणारी रील्स अनेकांनी पाहिली असतील. मुंबई-पुण्यात जुना फ्लॅट विकणाऱ्याची स्पर्धा थेट बिल्डरच्या चकचकीत सॅम्पल फ्लॅटशी असते. त्यामुळे चार-पाच लाख घालून घर नवं करण्याचा मोह साहजिक आहे. पण हा खर्च वसूल होतो का?

ग्राहकाच्या खिशात किती उरतं?

समजा, मुंबईतला फ्लॅट १ कोटीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के रक्कम मिळते. म्हणजे २५ लाख स्वतःचे. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख आणि नोंदणीचे ३० हजार. (महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.) थोडक्यात, ३१ लाखांच्या पुढे रोख उभी करून ग्राहक दारात येतो. दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळाच.

अशा माणसाकडे लगेच दुरुस्ती करायला पैसे नसतात. म्हणून भिंतीवरची ओल, गळका नळ, न लागणारी खिडकी त्याला खटकते आणि तो भाव पाडतो.

मग काय दुरुस्त करायचं?

सुरुवात ओलीपासून. ओल तशीच ठेवून वरून रंग दिला तर पोपडे परत येतात आणि 'काहीतरी लपवलंय' हा संशय बळावतो. आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती काढणं सोसायटीचं काम आहे. वरच्या घरातल्या बाथरूम-संडासातून होणारी गळती मात्र संबंधित सदस्यांनी आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे सोसायटीला वेळेत पत्र द्यावं.

त्यानंतर विजेची बटणं, नळ, दारं-खिडक्या आणि फिकट रंगाचा एक हात. माळ्यावरची अडगळ काढली तरी खोली मोठी वाटते. नवं किचन किंवा फर्निचर मात्र टाळलेलं बरं, कारण आवड ज्याची त्याची. शिवाय बँकेचा मूल्यांकनकार क्षेत्रफळ, परिसर आणि इमारतीचं वय पाहतो. सोफ्यामुळे कर्ज वाढत नाही.

घर पाहणारी दुसरी 'व्यक्ती' : बँक

घर कुटुंबाला आवडलं, टोकन दिलं आणि व्यवहार बँकेच्या कायदेशीर तपासणीत अडकला, असं होऊ शकतं. त्यामुळे जाहिरात टाकण्याआधीच ही फाइल तयार हवी :

- पहिल्या मालकापासूनचे सगळे नोंदणीकृत करारनामे आणि इंडेक्स टू
- शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी
- मालमत्ता कर आणि वीजबिलाच्या ताज्या पावत्या
- स्वतःचं कर्ज सुरू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या कागदपत्रांची यादी

बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल तर ती मंजूर नकाशाशी जुळत नाही, हे मूल्यांकनात समोर येऊ शकतं. ग्राहकाला ते आधीच सांगितलेलं बरं. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवालही विचारला जातो. मालक वारला असेल आणि वारसांची नावं लागलेली नसतील, तर रंगाऱ्याच्या आधी वकिलाला बोलवावं लागेल.

जुन्या घराची जमेची बाजू

बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या श्रेणीबाहेरच्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. जुन्या घराच्या फेरविक्रीवर तो लागत नाही. १ कोटीच्या घरात हा फरक ५ लाखांचा आहे. ताबा कधी मिळेल ही चिंता नाही, शेजार आणि पाण्याची वेळ समोर दिसते. जाहिरातीत फोटोंइतकंच हेही सांगायला हवं.

विक्रेत्याने एक हिशेब आधीच धरावा : किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून उरलेली रक्कम देतो.

थोडक्यात क्रम असा : ओल, कागद, मग रंग. हा क्रम उलटा झाला तर रंगावरचा खर्च होऊन जातो, आणि टोकन घेतल्यानंतर कागदांसाठी धावाधाव करताना ग्राहक दुसरं घर पाहायला लागतो.