फंडाचा आकडा आणि महागाईचा वाटा

किलोभर तांदळाचा भात किती पानांना पुरेल, हे आपण गृहिणी न मोजता सांगतो. पण यजमानांचा फंड निवृत्तीनंतर किती वर्षं पुरेल, असं कुणी विचारलं तर बहुतेकजणी म्हणतात, “ते ह्यांनाच ठाऊक!” मैत्रिणींनो, हा हिशेब वाणसामानाच्या यादीइतकाच सोपा आहे. वही-पेन्सिल घ्या.

आधी महागाई. ७२ ला महागाईच्या टक्क्यांनी भागा. तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्क्यांचं, वरची मर्यादा ६. आपण हात राखून ६ धरू. ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षं. यजमान आज ४६ चे नि घरखर्च महिना ३०,००० असेल, तर ते ५८ चे होतील तेव्हा त्याच संसाराला ६०,००० लागतील, सत्तरीत १,२०,०००! मुलांच्या फिया, घराचे हप्ते तोवर संपणार असतील तर आधी वजा करा. औषधपाण्याचे मात्र वाढवा.

आता फंड. प्रॉव्हिडंट फंडाचं व्याज दरवर्षी जाहीर होतं. १९९० च्या दशकात ते १२ टक्के होतं, २०२१-२२ ला ८.१, तर २०२४-२५ ला ८.२५. आपण ८ धरू. आज १० लाख शिल्लक असेल तर १२ वर्षांत त्याचे २५ लाख होतील. आकडा पाहून हरखून जाऊ नका. तोवर रुपयाची किंमत निम्म्यावर आलेली असेल, म्हणजे आजच्या भावानं ते साडेबारा लाखच. आजच्या ३०,००० च्या हिशेबानं जेमतेम साडेतीन वर्षांचा घरखर्च! पुढची भर त्यात पडेल, हे खरं. पण व्याजातून महागाई वजा केली की खरी वाढ दोन टक्क्यांचीच.

“पण पेन्शन आहे ना?” आहे. खाजगी नोकरीतल्या १९९५ च्या योजनेत पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, असं सूत्र आहे. सप्टेंबर २०१४ ला ठरलेली १५,००० ची पगारमर्यादा धरली, तर २६ वर्षं नोकरी आणि वाढीव २ वर्षं मिळून महिना ६,००० होतात. सरकारी पेन्शनीसारखा महागाई भत्ता त्यावर मिळत नाही. बारा वर्षांनी ते हाती येतील तेव्हा आजच्या ३,००० इतकेच.

आता आपल्या स्वतःच्या जिवाची गोष्ट. बायको बहुधा वयानं लहान असते आणि मागे राहते. पतीच्या पश्चात पत्नीला त्या पेन्शनीच्या निम्मं मिळतं. म्हणून हिशेब यजमानांच्या नव्हे, तुमच्या ८५ व्या वर्षापर्यंत मांडा. अशुभ बोलणं नव्हे हे, शहाणपण आहे.

मग करायचं काय? फंडाचं पासबुक दोघांनी मिळून पाहा आणि वारस म्हणून नाव नीट नोंदलंय का, तेही तपासा. पगारवाढ झाली की तिच्यातला थोडा भाग ऐच्छिक वर्गणी म्हणून फंडातच वळवा. तुमच्या स्वतःच्या नावावर पंधरा वर्षांचं पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचं खातं उघडा. आणि दर पाडव्याला ही वही पुन्हा उघडून नवे भाव, नवं व्याज घालून बघा. आकडे बदलतील, ते वेळेवर कळणं महत्त्वाचं.