चौकटी कशा जातील?

आपली मुले-मुली आता कॉलेजात पायथॉन शिकतात. त्यात आलेख काढायला मॅटप्लॉटलिब नावाचे फुकट साधन आहे. मेंदूच्या अभ्यासातले शास्त्रज्ञ जॉन हंटर यांनी ते २००३ साली लोकांपुढे आणले. आलेखाखाली इंग्रजी नावे सुबक उमटतात. ‘पाणी’ लिहावे, तर रिकाम्या चौकटी! मराठी संगणकाला चालत नाही असे समजून पोरगी मुकाट्याने इंग्रजीत लिहून मोकळी होते. मग वस्तीतल्या नळाला किती तास पाणी येते याचा आलेख तिने कितीही छान काढला, तरी त्या नळावर हंडा घेऊन उभी राहणारी तिची आई तो वाचू शकत नाही. आमचे दुखणे इथे आहे.

यात मराठीचा दोष नाही. फाँट म्हणजे अक्षरांच्या आकारांची पेटी, जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीसारखी. पेटीत खिळाच नसेल तर जुळारी अक्षर कोठून आणणार? आपण काही सांगितले नाही, तर मॅटप्लॉटलिब ‘देजाव्हू सॅन्स’ ही पेटी उचलते. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून ही रीत आहे. त्याआधी ‘बिटस्ट्रीम व्हेरा सॅन्स’ होती. जास्त भाषांची अक्षरे व गणिती चिन्हे मिळावीत म्हणून हा बदल झाला. ग्रीक आले, रशियन आले, देवनागरी राहिलीच.

तेव्हा पेटी आपणच बदलावी. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फाँट फुकट मिळतो. तो संगणकात बसवावा आणि प्रोग्रॅमच्या आरंभी आरसीपॅराम्समध्ये ‘फाँट डॉट फॅमिली’पुढे त्याचे नाव लिहावे. कायमचे हवे असेल तर मॅटप्लॉटलिबआरसी या फायलीत लिहावे. २०२२ च्या ३.६ आवृत्तीपासून दोन-तीन नावे ओळीने देता येतात. पहिल्या पेटीत अक्षर नसले तर ते दुसरीतून घेतले जाते.

इतके करूनही एक खोडी उरते. कॉलेजांत सर्रास दिसणाऱ्या आवृत्त्या अक्षरे साठवलेल्या क्रमाने नुसती शेजारी-शेजारी मांडतात. त्यामुळे ‘शिक्षण’मधली वेलांटी श च्या मागे जाते आणि क्ष फुटतो. (पाटीवर असे लिहिले असते तर गुरुजींनी छडीच उगारली असती.) यासाठी आलेख एसव्हीजी स्वरूपात साठवावा व ‘एसव्हीजी डॉट फाँटटाइप’पुढे ‘नन’ लिहावे. मग अक्षरांची चित्रे न होता ती अक्षरेच राहतात, आणि ब्राउझरमध्ये उघडल्यावर जोडाक्षरे नीट जुळतात. मात्र ज्या संगणकावर उघडायचे, तिथेही देवनागरी फाँट हवा.